पॅड घरी बदला, पण धूळ फुंकू नका

22 सप्टेंबर 2025 पासून वाहनांच्या सुट्या भागांवरचा जीएसटी सरसकट 18 टक्के झाला. ब्रेकच्या पॅडवर तो आधी 28 टक्के होता. या कपातीची चर्चा नव्या गाड्यांच्या किमतींभोवती फिरली आणि तिथेच संपली. मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा-सौंसरच्या पट्ट्यात मात्र प्रश्न नव्या गाडीचा नाही, जुनी पिकअप संत्र्याच्या हंगामापुरती धड करून घेण्याचा आहे. याच पट्ट्यातले सावरगाव म्हटले की वर्तमानपत्रांना पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची गोटमार, म्हणजे दगडफेकीची जत्रा, तेवढी आठवते. वर्षाच्या उरलेल्या दिवसांत जाम नदीच्या दोन्ही काठांवरच्या शिवारांतून माल निघतो आणि तो बहुतेक पिकअपमध्येच भरला जातो, हे सांगायचे राहून जाते. आंबिया बहार तोडीला आला की कॅरेटांनी भरलेली गाडी नागपूरच्या कळमना बाजाराकडे धावते, रात्री निघते आणि पहाटे रिकामी होऊन परत येते. या धावपळीत गाडी एक दिवस उभी करून ब्रेक बघायला कोणाला फुरसत नसते. म्हणून पुढच्या चाकांचे पॅड घरच्या अंगणात बदलणे हा मूर्ख धाडसाचा प्रकार मानू नये. ते मालकाने शिकून घ्यावे असे काम आहे, असे मी ठामपणे म्हणतो.

यावरचा पहिला आक्षेप ठरलेला आहे: ब्रेक म्हणजे जिवाचा मामला, तो मिस्त्रीकडेच सोपवावा. पण गंभीर काम आणि अवघड काम यांत फरक असतो. समोरच्या डिस्क ब्रेकचा पॅड हा झिजण्यासाठीच केलेला भाग आहे आणि तो सहज निघावा अशीच त्याची रचना असते. इतिहासही हेच सांगतो. 1888 मध्ये बर्था बेंझ नवऱ्याची मोटार घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला निघाल्या. उतारावर लाकडी ब्रेक घासून निकामी होऊ लागले, तेव्हा त्यांनी वाटेतल्या एका चांभाराकडून त्यांवर चामडे ठोकून घेतले. ब्रेक लायनिंगची सुरुवात ही अशी सांगितली जाते. तिथे ना कारखाना होता ना इंजिनिअर. ब्रेककडे वेळेत पाहणारी एक चालक होती आणि हाताला लागेल त्या कारागिराने काम केले.

वेळेत पाहणे हाच सगळ्याचा गाभा आहे. त्यासाठी थोडा हिशेब मांडावा लागेल. मालासकट तीन टनांची पिकअप ताशी 60 किलोमीटर वेगात असताना थांबवली, तर ब्रेकना सव्वाचार लाख ज्यूलच्या आसपास ऊर्जा उष्णतेच्या रूपात गिळावी लागते. सव्वा लिटर पाणी उकळीला यावे एवढी ही उष्णता आहे. आता सिल्लेवानी घाटासारखा उतार घ्या. तीच गाडी तीनशे मीटर खाली उतरवताना जवळपास 88 लाख ज्यूल निघतात, म्हणजे साठच्या वेगातून एकवीस वेळा थांबल्याइतके. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये सोडली, तर यातला बहुतेक भार एकट्या ब्रेकवर पडतो. पातळ झालेला पॅड ही उष्णता मागच्या पत्र्याकडे, तिथून पिस्टनकडे आणि ब्रेक ऑइलकडे लवकर पोचवतो. ताजे डॉट 3 ऑइल 205 अंशांना उकळते. हवेतली ओल शोषून जुने झालेले मात्र 140 अंशांपर्यंत उतरते. ऑइलमध्ये वाफ झाली की पेडल तळाला टेकते आणि दुसऱ्या दिवशीच्या बातमीत ‘ब्रेक फेल’ एवढेच छापून येते. बहुतेक वेळा तो अपघात आधीचे कित्येक आठवडे पॅडवर मिलिमीटर-मिलिमीटरने लिहिला जात असतो. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीची फिटनेस तपासणी वर्षातून एकदा होते. दोन तपासण्यांच्या मधे अख्खा हंगाम जातो, त्या काळात ब्रेक बघणारा मालकाशिवाय दुसरा कोण आहे?

घरी काम करताना चुका होतात, हे मान्य. पण त्या चुका मोजक्या आहेत आणि आधीच माहीत असलेल्या आहेत. इथली काळी माती पावसाळ्यानंतर वरून वाळलेली दिसते, आतून मऊ असते. तिच्यावर टेकवलेला जॅक खचतो. म्हणून फरशी किंवा जाड फळी हवी, मागच्या चाकांना दगड हवेत आणि गाडी जॅकवर न ठेवता घोडीवर टेकवलेली हवी. कॅलिपर ब्रेकच्या होजवर लोंबकळत ठेवायचा नाही, तारेने बांधायचा. पिस्टन आत दाबताना टाकीतले ऑइल वर चढते, तिकडे लक्ष हवे. कॅलिपरच्या पिना साफ करून त्यांना ब्रेकचेच ग्रीस लावायचे. हे टाळले तर एकच पॅड झिजतो आणि गाडी एका बाजूला ओढते. पॅड दोन्ही चाकांचे एकदम बदलायचे. सगळ्यांत जीवघेणी चूक शेवटी होते: पॅड बसवल्यावर पेडल न मारताच गाडी सुरू करणे. पिस्टन मागे ढकललेला असतो, पहिले काही दाब रिकामेच जातात. पेडल कडक लागेपर्यंत ते मारायचे, मग मोकळ्या रस्त्यावर माल न भरता हळूहळू ब्रेक लावून पॅड डिस्कवर बसू द्यायचे. एवढे सगळे करून पेडल स्पंजासारखे लागले, तर लाइनमधली एअर काढण्याचे काम मिस्त्रीचे. मागचे ड्रमही त्याच्याकडेच द्यावेत. तिथल्या स्प्रिंगा आणि शूची सेटिंग नवख्या हातांची नाही, आणि भरलेल्या पिकअपमध्ये मागच्या ब्रेकचा वाटा मोटारीपेक्षा बराच मोठा असतो. घरी काम करा म्हणजे सगळेच घरी करा, असे माझे म्हणणे नाही.

आता ज्या गोष्टीवर कोणीच बोलत नाही त्या धुळीबद्दल. चाक काढले की कॅलिपरभोवती काळसर भुकटी साचलेली दिसते. गॅरेजमध्ये तिच्यावर हवेचा पाइप मारतात, घरी तोंडाने फुंकतात किंवा कापडाने झटकतात. अॅस्बेस्टॉस भारतात आजही आयात होतो आणि त्याच्या वापरावर सरसकट बंदी नाही. त्यामुळे स्वस्त, बिननावाच्या लायनर-पॅडमध्ये तो नसेलच, असे छातीठोकपणे सांगता येत नाही. त्याचे सर्व प्रकार कॅन्सरकारक आहेत, यावर जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने शिक्का मारलेला आहे. अमेरिकेने मार्च 2024 मध्ये क्रायसोटाइल या अॅस्बेस्टॉसच्या प्रकारावर बंदीचा नियम काढला, त्यात बाजारात सुटे मिळणारे ब्रेकचे भागही आले. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने 1995 च्या निकालात अॅस्बेस्टॉस कारखान्यांना प्रत्येक कामगाराची आरोग्य-नोंद किमान 40 वर्षे जपायला सांगितले. इतकी वर्षे, कारण अॅस्बेस्टॉसचा आजार धूळ फुप्फुसात गेल्यावर दशकांनी उमटतो. ही काळजी कारखान्याच्या फाटकाशी थांबते. महामार्गाकडेच्या गॅरेजमध्ये चौदाव्या-पंधराव्या वर्षी पाना हातात घेतलेल्या पोराची नोंद कोण ठेवतो? कोणीच नाही. त्याचा श्वास स्वस्त आहे, असे आपण न बोलता ठरवून टाकले आहे, आणि ही मला सुट्या भागांच्या किमतीपेक्षा कितीतरी मोठी बातमी वाटते. अंगणात तर लहान मुले खेळत असतात, वाळवणे पडलेली असतात. उपाय साधा आहे: भुकटी हलवण्याआधी साबणाच्या पाण्याने पूर्ण भिजवायची, ओल्या फडक्याने पुसायची, फडके पिशवीत बांधून टाकायचे, तोंडावर चांगला मास्क ठेवायचा आणि कामाचे कपडे वेगळे धुवायचे.

दुसरा आक्षेप नकली मालाचा, आणि तो खरा आहे. पण नकली पॅड मिस्त्रीच्या हातूनही बसतोच. उलट स्वतः खरेदी करणारा मालक खोके, छपाई आणि बिल तरी बघतो. केंद्र सरकारने डिसेंबर 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले, त्यात वाहने आणि शेतीची अवजारेही आहेत. पण तिथे मिळणाऱ्या इंग्रजी पुस्तिकेचा उपयोग सावरगावच्या चालकाला किती? पॅडची किमान जाडी, बोल्ट किती आवळायचा, ऑइल कोणते आणि अॅस्बेस्टॉस आहे की नाही, या चार गोष्टी मराठी-हिंदीत खोक्यावरच छापण्याची सक्ती झाली पाहिजे. करकपातीने वाचलेले पैसे पक्के बिल देणाऱ्या दुकानात खर्च करा, दुकानदाराला माल अॅस्बेस्टॉसमुक्त आहे का ते विचारा, आणि पहिली कॅरेट भरण्याआधी पुढची दोन्ही चाके काढून बघा.