खस्सी, अनुदान आणि ‘देशी’ हा शब्द

झारखंडमधील सिमडेगा व खुंटी हे जिल्हे आणि त्यांना लागून असलेला ओडिशाचा सुंदरगढ जिल्हा या टापूत गावोगावी हॉकीचे जे सामने भरतात, त्यांना ‘खस्सी टूर्नामेंट’ असे म्हणतात. विजयी संघाला येथे बोकड मिळतो. येणारे संघ प्रवेशशुल्क भरतात, उरलेला भार यजमान गाव उचलते आणि जिंकलेले खेळाडू बोकड घेऊन आपल्या गावी परततात. तो रांधला जातो आणि गाव जेवते. चषक कपाटात ठेवता येतो व त्यावर एकाचे नाव कोरता येते. बोकडाच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी संभवत नाहीत. बक्षिसाचे स्वरूपच असे की ते वाटून घेतल्याविना त्याचा उपयोग नाही.

‘खस्सी’ या शब्दाचे मूळ अरबी आहे. त्याच मुळातून मराठीत ‘खच्ची’ आला, आणि आज आपण तो बहुधा ‘खच्चीकरण’ या रूपात, म्हणजे उमेद मारण्याच्या अर्थाने वापरतो. एकाच शब्दाने एका प्रांतात धीर खचावा आणि दुसऱ्या प्रांतात तो विजयाचे चिन्ह व्हावा, हा भाषेचा विनोदच म्हटला पाहिजे. अशीच गत ‘अखरा’ या शब्दाची. आपला आखाडा कुस्तीचा. छोटानागपूरचा अखरा म्हणजे गावाने एकत्र नाचण्यागाण्याची जागा. हॉकीचे मैदान हे या अखऱ्याचेच धाकटे भावंड आहे, असे मला वाटते. मुंडारी व खडिया या ऑस्ट्रो-आशियाई, कुडुख ही द्राविडी आणि सादरी ही आर्य कुळातील भाषा बोलणारी माणसे तेथे एकाच चेंडूमागे धावतात.

हा खेळ तेथे मिशनच्या शाळांमार्फत पोहोचला. खुंटीजवळील टकरा गावचे जयपाल सिंह मुंडा रांचीच्या अशाच शाळेतून ऑक्सफर्डला गेले आणि 1928 च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये भारतीय संघाचे कर्णधार झाले. (अंतिम सामन्यापूर्वीच त्यांनी संघ सोडला होता, सुवर्णपदक संघाला मिळाले.) पुढे 1972 चे ऑलिंपिक कांस्यपदक आणि 1975 ची विश्वचषकस्पर्धा यांत मायकेल किंडो होते, 1980 च्या मॉस्को ऑलिंपिकमधील विजेत्या संघात सिल्वानुस डुंगडुंग होते. 2016 मध्ये निक्की प्रधान ऑलिंपिकमध्ये खेळणारी झारखंडची पहिली महिला हॉकीपटू ठरली, आणि सिमडेगाच्या बडकीछापर गावची सलिमा टेटे 2024 मध्ये भारतीय महिला संघाची कर्णधार झाली. बांबूच्या किंवा झाडाच्या फांदीच्या काठीने सुरुवात केलेल्या मुलांची ही परंपरा आहे.

या परंपरेला पैसा कोणी पुरविला? पहिली पायरी गावाची, हे वर आलेच. दुसरी पायरी नोकरीची: सैन्यदले, रेल्वे, राउरकेल्याचा पोलाद कारखाना. तिसरी सरकारी निवासी प्रशिक्षण केंद्रांची; निक्की रांचीच्या बरियातू केंद्रात घडली, सलिमा सिमडेग्याच्या. ही केंद्रे नसती तर शेवटची दोन नावे कदाचित आपल्यापर्यंत आलीच नसती, हे मोकळेपणाने मान्य करावे. त्यानंतर मात्र रकमा एकदम मोठ्या होतात. टोकियो ऑलिंपिकमध्ये भारतीय महिला चौथ्या आल्या, तेव्हा 2021 मध्ये झारखंड सरकारने निक्की व सलिमा यांना प्रत्येकी 50 लाख रुपये दिले. ओडिशा सरकार 2018 पासून राष्ट्रीय संघांचे प्रायोजक आहे, आणि 2023 च्या विश्वचषकासाठी राउरकेल्यात बिरसा मुंडा यांच्या नावाने वीस हजारांहून अधिक आसनांचे क्रीडांगण उभे राहिले. हे सारे स्वागतार्ह आहे. परंतु बोकड आणि पन्नास लाख यांच्या मध्ये खेळाडूची जी आठ-दहा वर्षे जातात, त्यांतच बहुतेक मुले गळतात. आणि जो पैसा येतो तो निवडलेल्या व्यक्तीला येतो, तिला पुढे आणणाऱ्या सामन्याला नव्हे.

असे का व्हावे, याचे एक उत्तर शब्दांत सापडते. केंद्रीय मंत्रिमंडळाने 2017 मध्ये नव्या रूपात मंजूर केलेल्या ‘खेलो इंडिया’ योजनेच्या बारा घटकांपैकी एक ग्रामीण आणि ‘इंडिजिनस’ तिरकी रेघ ‘ट्रायबल’ खेळांच्या उत्तेजनाचा होता. या घटकाखाली ज्यांना साहाय्य मिळाले ते खेळ म्हणजे मल्लखांब, कळरीपयट्टू, गटका, थांग-ता, सिलंबम आणि योगासने. यांतील प्रत्येकाला मदत मिळणे योग्यच; पेशवाईत बाळंभटदादा देवधरांनी नावारूपास आणलेल्या मल्लखांबाबद्दल तर मराठी माणसाला आनंदच वाटेल. पण यादीत विशेषेकरून आदिवासींचा म्हणावा असा खेळ कोणता? तिरक्या रेघेने दोन अर्थ जोडले, आणि व्यवहारात ‘देशी’ उरला, ‘आदिवासी’ गळाला. हॉकी तर मुळातच विलायती. खस्सीच्या मैदानाला या घटकात जागा असणे शक्य नव्हते. गंमत अशी की मल्लखांबातही अलीकडे ज्यांनी देशभर नाव मिळविले, त्यांत छत्तीसगडच्या अबुझमाडमधील आदिवासी मुले आहेत. खेळ मराठी मुलखातून गेला आणि त्या मुलांनी तो आपला केला, अगदी सिमडेग्याने हॉकी केली तसा.

जयपाल सिंहांना शब्दांचे हे राजकारण पुरते ठाऊक होते. संविधान सभेत हिंदी अनुवादासाठी ‘बनजाति’ हा शब्द पुढे आला तेव्हा त्यांनी हरकत घेतली आणि ‘आदिवासी’ हाच शब्द हवा असा आग्रह धरला. तो मान्य झाला नाही. हिंदीत ‘जनजाति’ आली आणि मराठीत ‘जमाती’.

मराठीत या प्रश्नाची मांडणी करू पाहणाऱ्यासमोर ‘आदिवासी-क्रीडा’ या समासाचा विग्रह उभा राहतो. तो कर्मधारय मानला तर खेळाचे कूळ शोधावे लागते, आणि हॉकी बाद होते. षष्ठी तत्पुरुष मानला, म्हणजे आदिवासींची क्रीडा, तर ती जेथे खेळली जाते ते गाव अनुदानास पात्र ठरते. मग अर्ज कोणी करावा हा प्रश्न उरतो, कारण अनुदानाचे नियम नोंदणीकृत संस्था मागतात आणि खस्सीची समिती ही बहुधा त्या स्पर्धेपुरती बसलेली गावातली माणसे असतात.