पद्मिनीच्या काचेचं रबर

भंडाऱ्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो आणि जूनमध्ये पाऊस कोसळू लागतो. जुन्या प्रीमियर पद्मिनीच्या दारांची खरी परीक्षा तेव्हाच. कुर्ल्यात बनलेल्या या गाडीच्या काचांभोवतीचं मूळ रबरी बीडिंग एव्हाना कडक होऊन तडकलेलं असतं. दोष एकट्या उन्हाचा नाही. हवेतला ओझोन नैसर्गिक रबराच्या रेणूंमधले दुहेरी बंध तोडतो. जिथे रबर ताणलेलं, तिथे ताणाच्या आडव्या दिशेने बारीक भेगा पडतात. ईपीडीएम रबराच्या मुख्य साखळीत असे बंधच नसतात, म्हणून दुकानात तेच मागा.

जुनी पट्टी काढून सुकलेला गोंद खरवडा, गंज घासून प्रायमर मारा. नवी पट्टी साबणाच्या पाण्याने सरकवा. ग्रीस मुळीच नको, खनिज तेलाने ईपीडीएम फुगतं. बसवताना ओढूही नका. ताणलेली पट्टी पुढे आकसते आणि कोपऱ्यात फट राहते.

माझ्या मते मात्र रबर विकत घेण्याआधी दाराच्या तळाची भोकं तारेने मोकळी करावीत. बीडिंग कितीही चांगलं असो, काचेवरून थोडं पाणी दारात उतरतंच. त्याची वाट बुजली की पत्रा आतून सडतो, आणि रंगाला फुगे येईपर्यंत बाहेरून काहीच कळत नाही.