सप्तपदीनंतरचे आठवे पाऊल

‘घर पाहावे बांधून, लग्न पाहावे करून’ अशी आपल्याकडे म्हण आहे. परदेशी स्थायिक झालेल्या व्यक्तीशी ज्यांनी लग्न केले, त्यांनी तीत ‘व्हिसा पाहावा मिळवून’ अशी भर घालायला हरकत नाही. आपल्याकडे रीतसर झालेला विवाह परक्या देशाचे सरकार मान्य करते. परंतु तेवढ्याने जोडीदाराजवळ राहण्याचा हक्क मिळतोच असे नाही. ह्या दोहोंतील अंतर किती मोठे असू शकते, हे ब्रिटनच्या उदाहरणावरून चांगले ध्यानात येते.

जानेवारी १९७९ मध्ये लंडनच्या हीथ्रो विमानतळावर पस्तीस वर्षांची एक भारतीय शिक्षिका उतरली. नियोजित वराशी लग्न करण्यासाठी ती आली होती. त्या वेळच्या नियमांप्रमाणे अशा वाग्दत्त वधूला आगाऊ परवाना लागत नसे; पत्नी म्हणून येणारीला मात्र लागे. ही बाई आधीच विवाहित असावी असा अधिकाऱ्यांना संशय आला आणि त्याच्या निरसनासाठी डॉक्टरकरवी तिच्या कौमार्याची तपासणी झाली! वृत्तपत्रांनी वाचा फोडल्यावर हा प्रकार बंद करण्यात आला.

पुढे १९८० च्या नियमांनी ‘प्राथमिक हेतू’ची कसोटी आणली. ब्रिटनमधील मुलीशी लग्न करणाऱ्या परदेशी वराने, ह्या विवाहामागील आपला मुख्य हेतू ब्रिटनमध्ये शिरणे हा नाही, हे सिद्ध करायचे. मनात एखादी गोष्ट नव्हती, हे माणसाने कोणत्या कागदाने सिद्ध करावे? ठरवून केलेल्या लग्नांना ह्याचा विशेष जाच झाला. भारतीय रिवाजाप्रमाणे मुलगी सासरी जाते. मग हा मुलगा उलट मुलीकडे का निघाला, असा तर्क मुलाखत घेणारे अधिकारी लढवीत. घरजावयाकडे आपला समाजही वाकड्या नजरेने पाहतो, हे खरे. पण इथे त्या नजरेलाच कायद्याचे बळ मिळाले.

पत्नीला येऊ द्यायचे आणि पतीला अडवायचे, हा लिंगभेद आहे, असा निर्णय स्ट्रासबर्ग येथील युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने मे १९८५ मध्ये दिला. तेव्हा सरकारने पतींवरची अट काढली नाही, तर तीच पत्नींनाही लावली. समानतेचा असाही अर्थ होऊ शकतो! अखेर जून १९९७ मध्ये ही कसोटी रद्द झाली.

हेतूची जागा आता पैशाने घेतली आहे. २०१२ पासून ब्रिटनमधील जोडीदाराचे वार्षिक उत्पन्न किमान १८,६०० पौंड असावे, असा नियम झाला. एप्रिल २०२४ मध्ये हा आकडा २९,००० वर गेला. पहिल्या अर्जाच्या वेळी भारतातील जोडीदाराचा इथला पगार त्यात धरला जात नाही. पुण्यात चांगल्या पगारावर असलेल्या प्राध्यापिकेचा पती लंडनमध्ये दुकानात काम करीत असेल, तर केवळ त्याचीच मिळकत मोजली जाते. उत्पन्न मुळीच नसेल, तर ८८,५०० पौंडांची शिल्लक सहा महिने जवळ असल्याचे दाखवावे लागते. ही मर्यादा मुळात बेकायदेशीर नाही, परंतु मुलांच्या हिताचा विचार नियमांत पुरेसा झालेला नाही, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये म्हटले. गरिबाने प्रेम करावे, पण आपल्याच देशातल्या माणसावर, असाच ह्या नियमाचा अर्थ मला तरी लागतो.

बाकीच्या अटी त्या मानाने सोप्या आहेत. प्राथमिक इंग्रजीची परीक्षा, क्षयरोग नसल्याचा दाखला, राहण्याच्या जागेचा पुरावा. अर्जाच्या शुल्काखेरीज आरोग्यसेवेसाठी वर्षाला १,०३५ पौंड आगाऊ भरावे लागतात. पहिला परवाना तेहेतीस महिन्यांचा. पुढे तो वाढवून घेऊन पाच वर्षांनी कायम वास्तव्यासाठी अर्ज करता येतो. विवाहाची नोंदणी केवळ फोटोंवर सोडू नये. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याखाली ती करता येते. वर किंवा वधू परदेशी नागरिक असून १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली इथे लग्न करायचे असेल, तर तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते. हे रजेचा हिशेब मांडतानाच ध्यानात घ्यावे.

नाते खरे आहे हे पटवण्यासाठी प्रवासाची तिकिटे, छायाचित्रे, एकमेकांना धाडलेले निरोप असे सारे अर्जासोबत देतात. त्यांतला मजकूर मराठीत असेल, तर त्याचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडावे लागते. ‘जेवलीस का?’ ह्याचेसुद्धा.