पथ्य कोणाचे?

तान्हे मूल बाळसेदार दिसले की तत्काळ त्याची दृष्ट काढणारे आपले घर, तेच मूल तेरा-चौदा वर्षांचे होऊन गणवेशात मावेनासे झाले म्हणजे, एकाएकी खजिन्यावरील कारकुनाच्या काटेकोरपणाने त्याच्या ताटातील पोळ्या मोजू लागते, साखरेच्या डब्यावर जप्ती आणते आणि पाहुण्यांदेखत त्याचे जाबजबाब घेते. या अपमानाने मूल बारीक होत नाही; ते चोरून खाऊ लागते.

शिवाय वजनकाटा हा पुरता भरवशाचा साक्षीदार नव्हे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन यडकिन यांचे एक जोडचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले; उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, परंतु अंगातील चरबी यडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के! आपल्या सडपातळ दिसणाऱ्या देहयष्टीतही मेद असा दडून बसतो, म्हणून मुलाच्या वजनाबरोबर कमरेचा घेरही पाहावा. मानेवर मखमलीसारखा काळसर पट्टा उमटला, तर आई तो मळ समजून डाळीच्या पिठाने घासत बसते. वास्तविक पुष्कळदा ती इन्शुलिनला शरीर दाद देईनासे झाल्याची खूण असते, आणि तिथे डॉक्टरांचा सल्ला घेणेच इष्ट.

मग उपाय कोणता? अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ लेनर्ड एपस्टाइन यांनी खाद्यपदार्थांची रस्त्यावरील वाहतूक-दिव्यांप्रमाणे हिरवे, पिवळे आणि तांबडे अशी वर्गवारी केली. मुलांबरोबर आईबापांनाही सवयी बदलण्यास भाग पाडणाऱ्या त्यांच्या उपचाराचा दहा वर्षांनंतरचा हिशेब १९९० साली प्रसिद्ध झाला, तेव्हा आईबापांसह सुधारलेल्या मुलांचे अतिरिक्त वजनाचे प्रमाण मूळच्यापेक्षा घटलेले होते. केवळ मुलावरच भिस्त ठेवलेल्या गटात ते उलट किंचित वाढले होते.

वाढत्या वयात उपासमार नको. उंची वाढत असताना वजन केवळ स्थिर राहिले, तरी अनेकदा पुष्कळ साधते. तीनशे मिलिलिटर गोड शीतपेयात सुमारे तीस ग्रॅम, म्हणजे सहा चमचे साखर असते. ते घरी येणेच थांबावे. भाकरी, उसळ आणि कोशिंबीर सर्वांच्याच ताटात पडावी, आणि रात्री आठ ते दहा तासांची झोप मोबाइलने हिरावून घेऊ नये.

तेव्हा वडीलधाऱ्यांना एवढीच विनंती, की मुलाच्या ताटातील पोळी मोजण्यापूर्वी, कचेरीतून परतताना आपण स्वतः आणतो ती फरसाणाची पुडी तेवढी बंद करावी.