बारा वर्षांनी भडकणारी दीर्घिका

रामनवमीला पोहरादेवीची यात्रा भरते, तेव्हा मानोरा तालुक्यात दिवेलागणीनंतर पुष्य नक्षत्र माथ्यावर आलेले असते. नवमीचा चंद्र नेमका त्याच्याच आसपास, त्यामुळे फारसे काही दिसत नाही. आधीच्या अमावास्येला पाहिले, तर पुष्यातला तारकागुच्छ धुरकट ठिपक्यासारखा दिसतो. त्याच्या थोडी पूर्वेला, कर्क राशीतच, ओजे २८७ ही सक्रिय दीर्घिका आहे. मानोऱ्याचे अक्षांश असे, की ती इथे जवळजवळ बरोबर डोक्यावरून जाते. नुसत्या डोळ्यांना मात्र ती दिसत नाही. तिचा प्रकाश इथे पोचायला सुमारे साडेतीन अब्ज वर्षे लागतात.

सक्रिय दीर्घिकेच्या केंद्रात एक अवाढव्य कृष्णविवर असते आणि त्याभोवती तापलेल्या वायूची तबकडी फिरते. तिची चकाकी सतत कमीजास्त होते, बहुतेक वेळा कसलाही ताल नसताना. ओजे २८७ वेगळी ठरली. दुसऱ्याच कामांसाठी काढलेल्या आकाशाच्या जुन्या छायाचित्रांत तिच्या १८८८ पासूनच्या नोंदी सापडल्या, आणि साधारण बारा वर्षांनी ती भडकते असे दिसले.

का? फिनलंडचे मॉरी वाल्टोनेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या मते तिथे दोन कृष्णविवरे आहेत. थोरले १८ अब्ज सूर्यांच्या वस्तुमानाचे, धाकटे १५ कोटी सूर्यांचे. धाकटे बारा वर्षांच्या एका फेरीत थोरल्याची तबकडी दोनदा भेदते, आणि प्रत्येक वेळी भडका उडतो. कक्षाच आइन्स्टाइनच्या नियमाने वळत राहते, म्हणून भडक्यांमधले अंतर सारखे नसते. हे किचकट गणित नेमके करण्यात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या लंकेश्वर डे आणि ए. गोपकुमार यांचा मोठा वाटा. ३१ जुलै २०१९ च्या भडक्याचे भाकीत चार तासांच्या आत खरे ठरले. तेव्हा ही दीर्घिका पृथ्वीवरून सूर्याच्या फार जवळ दिसत होती. त्यामुळे भडका टिपला तो स्पिट्झर या अवकाश दुर्बिणीने.

पण २०२२ च्या ऑक्टोबरात अपेक्षित असलेला मोठा भडका स्टेफनी कोमोसा यांच्या गटाला दिसलाच नाही. त्यांच्या हिशेबाने थोरल्याचे वस्तुमान जेमतेम १० कोटी सूर्यांइतके. वाल्टोनेन गटाला हे मान्य नाही.

असा ताल शोधताना फसगत सहज होते. पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेत घडलेले आशिष महाबळ ज्या गटात होते, त्याने २०१५ मध्ये पीजी १३०२-१०२ या क्वेसारचे, म्हणजे अतितेजस्वी सक्रिय दीर्घिकाकेंद्राचे, सुमारे ५.२ वर्षांचे आवर्तन जाहीर केले. नोंदी होत्या नऊ वर्षांच्या, म्हणजे दोन आवर्तनेही पुरी नाहीत. पुढच्याच वर्षी सायमन वॉन आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की निव्वळ बेताल चढउतारही दोन-तीन फेऱ्यांपुरते असे तालबद्ध भासू शकतात. २०१८ मध्ये नव्या नोंदी जोडल्यावर तो पुरावा आणखी कमकुवत झाला.

किती आवर्तने नोंदली गेली, या निकषावर ओजे २८७ चे पारडे अजून जड आहे. तिच्या नोंदींत बारा वर्षांची अकरा आवर्तने बसतात.