टीव्हीवरचा कार्यक्रम जपून ठेवायचाय? घरच्या कॉम्प्युटरवर असं करा रेकॉर्डिंग, अशी बनवा डीव्हीडी

दोंडाईचा : दूरदर्शन सह्याद्रीवर शेतीचा कार्यक्रम लागतो तेव्हा आपला शेतकरी बऱ्याचदा शेतातच असतो. कधी मोटारीला लाईट त्याच वेळी येते, कधी मिरचीची गाडी मार्केटला लावायची असते. कार्यक्रम हुकला की हुकला. सगळंच काही नंतर मोबाईलवर सापडत नाही. गावातलं कुणी टीव्हीवर झळकलं तर ती पाच मिनिटं पुन्हा बघायला मिळतील याची खात्री कुणी देत नाही. म्हणून आपल्या घरीच रेकॉर्ड करून ठेवलेलं बरं. त्यासाठी मोठा खर्च लागत नाही.

चॅनलवाले तर जपतातच ना?

हा समज खोटा आहे. टेप महाग असायची, म्हणून जुन्या काळी टीव्ही कंपन्या जुनं पुसून त्यावरच नवीन रेकॉर्ड करायच्या. इंग्लंडच्या बीबीसीने १९६० आणि ७० च्या दशकात आपले कितीतरी कार्यक्रम असेच पुसले. त्यातल्या 'डॉक्टर हू' या मालिकेच्या हरवलेल्या भागांचा आवाज आज ऐकायला मिळतो, कारण प्रेक्षकांनी घरी टेपरेकॉर्डर लावून तो भरून ठेवला होता. अमेरिकेत मॅरियन स्टोक्स नावाच्या बाईंनी १९७९ पासून २०१२ मध्ये मरेपर्यंत टीव्हीवरच्या बातम्या घरी रेकॉर्ड केल्या. त्यांनी सुमारे ७० हजार कॅसेट भरून ठेवल्या होत्या. म्हणजे घरच्या रेकॉर्डिंगला कमी लेखू नका.

पद्धत पहिली : फ्री डिश आणि पेन ड्राईव्ह

आपल्याकडे बऱ्याच घरांवर डीडी फ्री डिशची छत्री आहे. बाजारात मिळणाऱ्या साध्या सेट टॉप बॉक्सला पुढे किंवा मागे यूएसबीची जागा असते. तिथे पेन ड्राईव्ह लावा आणि रिमोटवरचं रेकॉर्डचं बटण दाबा. काही बॉक्समध्ये टायमर असतो. वेळ लावून शेतात निघून गेलं तरी चालतं. फक्त बॉक्स त्याच चॅनलवर राहू द्या. घरच्यांनी मधेच मालिका लावली तर तुमचं रेकॉर्डिंग गेलं!

ही फाईल कॉम्प्युटरवर टाका आणि व्हीएलसी प्लेअरमध्ये उघडा. व्हीएलसी फुकट मिळतो. तासाला साधारण एक ते दोन जीबी जागा लागते. महिन्याला पैसे भरून घेतलेल्या डीटीएचचं मात्र वेगळं आहे. त्या बॉक्सचं रेकॉर्डिंग बहुतेक वेळा त्याच बॉक्सवर चालतं, कॉम्प्युटरवर उघडत नाही. तिथे दुसरी पद्धत वापरा.

पद्धत दुसरी : व्हिडिओ कॅप्चर

कॉम्प्युटरच्या दुकानात यूएसबी व्हिडिओ कॅप्चर नावाचं छोटं यंत्र मिळतं. त्याला पिवळी, पांढरी आणि लाल अशा तीन पिना लागतात. पिवळी चित्राची, पांढरी आणि लाल आवाजाची.

१. बॉक्सच्या एव्ही आऊटमधून तीन पिनांची वायर कॅप्चरला जोडा आणि कॅप्चर कॉम्प्युटरच्या यूएसबीला लावा. एचडीएमआय वायरने प्रयत्न केला तर बऱ्याचदा पडदा काळा येतो, कारण त्यात कॉपी रोखण्याचं कुलूप असतं.

२. ओबीएस स्टुडिओ हे सॉफ्टवेअर फुकट आहे, ते घ्या. त्यात व्हिडिओ कॅप्चर डिव्हाईस निवडा. चित्राचा आकार ७२० बाय ५७६ आणि फ्रेम २५ ठेवा. आपल्याकडच्या साध्या टीव्हीचं मापच ते आहे.

३. फाईलचा प्रकार एमकेव्ही ठेवा. हे महत्त्वाचं आहे. मधेच लाईट गेली तर एमपी४ फाईल पूर्ण खराब होऊ शकते, एमकेव्हीत तोपर्यंतचं वाचतं. नंतर ओबीएसमध्येच तिची एमपी४ करता येते.

४. आधी एक मिनिट रेकॉर्ड करून बघा. चित्र आलं पण आवाजच नाही, असं फार होतं.

लग्नाच्या जुन्या व्हीएचएस कॅसेट पण याच वायरने कॉम्प्युटरवर घेता येतात. फक्त चालू व्हीसीआर शोधावा लागेल. त्या टेपला ओल लागली की बुरशी धरते, म्हणून हे काम पुढच्या वर्षावर ढकलू नका. ज्या आजी-आजोबांचा आवाज फक्त त्या कॅसेटमध्ये उरलाय, तो पुन्हा कुठून आणणार?

डीव्हीडीवर कसं भरायचं?

साध्या डीव्हीडीत ४.७ जीबी बसतं. कॉम्प्युटर ते ४.३७ दाखवतो, मोजण्याची रीत वेगळी आहे म्हणून. दुकानदाराने फसवलं असं समजू नका. डीव्हीडी प्लेअरवर चालणारी व्हिडिओ डीव्हीडी बनवली तर चांगल्या चित्रात साधारण दोन तास बसतात. नुसत्या एमपी४ फाईली भरल्या तर त्याच डीव्हीडीत जास्त तास मावतात, पण जुना प्लेअर त्या वाचेलच असं नाही.

भरताना वेग कमी ठेवा, ४ किंवा ८. भरून झाल्यावर व्हेरिफाय करा. नाव, तारीख मऊ मार्करने लिहा. बॉलपेनने ओरखडा पडतो. डीव्हीडी डबीत उभी ठेवा, उन्हात आणि पत्र्याखाली नको. आपल्याकडचा मे महिना माणसाला सोसत नाही, तर ती चकती काय सोसणार?

एकाच ठिकाणी ठेवू नका

डीव्हीडी पण कधीतरी खराब होते आणि पेन ड्राईव्ह तर न सांगता बंद पडतो. एक प्रत डीव्हीडीत, दुसरी हार्ड डिस्कवर आणि जमलं तर तिसरी बहिणीच्या किंवा मुलीच्या घरी, दुसऱ्या गावाला ठेवा. दर दिवाळीला घर आवरताना सगळं एकदा लावून बघा.

कायदा काय म्हणतो?

१९५७ च्या कॉपीराईट कायद्याच्या कलम ३९ नुसार स्वतःच्या खासगी वापरासाठी किंवा खऱ्याखुऱ्या शिक्षणासाठी प्रसारण रेकॉर्ड करणं हा हक्कभंग ठरत नाही. पण तेच युट्यूबवर टाकणं, ग्रुपवर वाटणं किंवा डीव्हीडी विकणं यात अडचण येऊ शकते. घरात बघा, पोरांना दाखवा, तेवढं पुरे.

सुरुवात करायची असेल तर सोपं काम आधी करा. कपाटातल्या कॅसेट बाहेर काढा आणि सगळ्यात जुनी आधी भरून घ्या.