खानदेशांतील देवळांची वाट

मिसर देशाचा प्रवासी लक्सोरला बोटींत बसतो आणि एडफू, कोम ओंबो अशीं नाईलकांठचीं देवळें पाहत आस्वानला पोंचतो. नदीच त्याचा वाटाड्या. आपल्या खानदेशांत मात्र नदीकांठचें देऊळहि सडकेनेंच गांठावें लागतें. मुक्ताईनगरजवळ तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवाचें कोरीव देऊळ आहे. धुळ्याकडे, साक्री तालुक्यांत, बळसाणें येथें जुन्या देवळांचा समूह आहे. परंतु एकच स्थळ पाहावयाचें असेल, तर चाळीसगांवाहून डोंगराच्या पायथ्याशीं पाटणास जावें.

देवीचें दर्शन घेऊन बहुतेक यात्रेकरू येथून परततात. पण याच पाटणचा शके ११२८ चा, म्हणजे सन १२०६-०७ चा, शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं १८६५ मध्यें विद्वानांपुढें मांडला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, यादवराजा सिंघणाचा ज्योतिषी, यानें आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठीं येथें मठ स्थापिला, असें तो लेख सांगतो. संगमावरचे योगी चांगदेव ते निराळे. मठाच्या निर्वाहासाठीं निकुंभ राजांनीं दान दिलें. पेठेंतील मालावरचा करहि लावून दिला. तेलाच्या प्रत्येक घाण्यामागें मठास पळीभर तेल!

कर्नाकच्या भिंती राजांचे विजय सांगतात. हा दगड एका गणितशाळेचा खर्च सांगतो. तो मठ आज उभा नाहीं. म्हणून मुलांना पाटणास न्याल, तेव्हां देवीची ओटी भरून झाल्यावर त्यांस या पळीभर तेलाची हकीकत अवश्य सांगा.